कावेरीकाठचा पाद्री : ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ

कावेरी नदी समुद्राजवळ येऊ लागली की तिला अनेक फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांच्या मधला सारा मुलूख भातशेतीने हिरवागार होतो. याच मुलखात, कावेरी आणि अरसलार यांच्या दरम्यान, कुंभकोणम वसले आहे. दर बारा वर्षांनी तेथील महामहम तलावावर स्नानासाठी लाखो लोक लोटतात. एरवीही शारंगपाणी व आदिकुंभेश्वर यांच्या गोपुरांखाली यात्रेकरूंची वर्दळ असते. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके वाटू नये. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राज्य घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत या मुलखावर भोसल्यांची सत्ता होती, आणि दरबाराबरोबर आलेली शेकडो मराठी कुटुंबे तंजावर-कुंभकोणमच्या परिसरात कायमची राहिली. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमात एका मराठी घराण्यात जन्मले.

समुद्रकाठचे तरंगमबाडी हे त्या काळी डॅनिश लोकांचे ठाणे होते. आपण त्याला ट्रांकेबार या नावाने ओळखतो. तेथून मायावरम, कुंभकोणम असे करीत कावेरीच्या काठाने तंजावरला जाता येते. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. अठराव्या शतकात या मुलखात एक जर्मन माणूस जवळजवळ अर्धशतक पायी हिंडला. त्याच्या अंतःकरणात ज्यांच्याविषयीचा भार होता, त्यांत तंजावरचे दोन मराठी राजेही होते. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्याचे नाव.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशियातील सोनेनबर्ग या लहान गावी झाला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. आई ते अगदी लहान असतानाच गेली. मृत्युशय्येवर तिने पतीला व गावच्या पाळकांना बोलावून आपला हा मुलगा मी प्रभूला वाहिला आहे असे सांगितले आणि तो मोठा झाल्यावर त्याला या मार्गापासून अडवू नये असे वचन घेतले. हाल्ले येथे शिकत असताना त्यांना बेंजामिन शुल्ट्झ या भारतातून परतलेल्या मिशनऱ्याचा सहवास लाभला. तमिळ शास्त्राच्या छपाईला हातभार लागावा म्हणून तेथेच त्यांनी तमिळचे पहिले धडे घेतले. भारतात जाण्याची विचारणा झाली तेव्हा ते वडिलांची संमती घेण्यासाठी घरी गेले. थोरला मुलगा, घराचा आधार. वडिलांनी विचाराला तीन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी आशीर्वाद देऊन मुलाला मोकळे केले. मुलाने वारसाहक्काचा आपला वाटा भावंडांना सोडून दिला. १७४९ साली कोपनहेगन येथे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १७५० च्या जुलैमध्ये ते भारताच्या किनाऱ्याला लागले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे उतरल्यावर चार महिनेही पुरते झाले नव्हते तेव्हा, त्यांनी तरंगमबाडीच्या मंदिरात तमिळमधून पहिला उपदेश केला. चरित्रकार या गोष्टीचे कौतुक करतात. मला त्यानंतरची पाच वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. बोलता येऊ लागले म्हणून त्यांनी अभ्यास थांबविला नाही. लोक कशावर श्रद्धा ठेवतात, कशाला भितात, कोणत्या कथा ऐकत मोठे होतात हे समजावे म्हणून त्यांनी तमिळ पुराणे व धर्मग्रंथ चिकाटीने वाचले. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, तो माणूस ठाऊक तर हवा! आपल्याकडे मंडळ्यांची तरुण मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभराच्या सुवार्ताफेरीला निघतात आणि परतल्यावर, प्रभूने त्या गावाचा भार आमच्या मनावर घातला, अशी साक्ष देतात. ती साक्ष खोटी नसते. परंतु गाडी गावाबाहेर पडल्यावरही तो भार मनावर राहतो का, हे पाहावे लागते. श्वार्ट्झ यांच्या बाबतीत तो अठ्ठेचाळीस वर्षे राहिला.

तंजावरच्या राज्यात परदेशी मिशनऱ्यांना त्या काळी सहजासहजी प्रवेश मिळत नसे. तमिळ उपदेशक मात्र तेथे आधीपासून कार्य करीत होते. १७६२ साली श्वार्ट्झ तरंगमबाडीहून पायी तंजावरला आणि पुढे त्रिचनापल्लीला गेले. या प्रवासाने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात इंग्रजांची छावणी होती. गोऱ्या शिपायांना पाळक नव्हता. श्वार्ट्झ यांना तेव्हा इंग्रजी धड येत नव्हते, म्हणून ते आरंभी छापील उपदेश वाचून दाखवीत. १७६६ साली तेथे ख्राइस्ट चर्च उभे राहिले. पुढच्या वर्षी डॅनिश मिशन सोडून ते लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेच्या सेवेत आले. कंपनीकडून छावणीच्या पाळकपदासाठी वर्षाला शंभर पौंड मिळू लागले, तेही मिशनकार्यात गेले. स्वतःसाठी त्यांना एक लहानशी जुनी खोली, बिछान्यापुरती जागा आणि देशी पद्धतीने शिजविलेला भात-भाजी एवढे पुरे होई. त्यांनी लग्न केले नाही.

त्यांच्या नित्यक्रमात एक गोष्ट कधी चुकली नाही. पहाटे उपदेशक त्यांच्याभोवती जमत. आधी प्रार्थना होई, मग कोणी कोणत्या गावी जायचे ते ठरे आणि मंडळी वाटेला लागत. सायंकाळी परतल्यावर प्रत्येकाने दिवसाचा वृत्तान्त सांगावयाचा. कोण भेटले, कोणी काय विचारले, कोणी हाकलून दिले, हे सारे ऐकून घेतल्यावर पुन्हा एकत्र प्रार्थना होई. या साध्या पद्धतीत मोठे मर्म होते. सकाळची प्रार्थना ज्यांचे तोंडही पाहिले नाही अशा लोकांसाठी असे. सायंकाळी त्याच लोकांना चेहरे व प्रश्न मिळालेले असत, आणि दुसऱ्या पहाटेची प्रार्थना तेथूनच सुरू होई. फेरीवरची प्रार्थना पुष्कळदा प्रवास सुखरूप व्हावा आणि सभा चांगली व्हावी एवढ्यातच अडकते. येथे तसे होण्यास वावच नव्हता.

आता राजांविषयी. तंजावरचे तुळजाजीराजे आणि श्वार्ट्झ यांची पहिली भेट १७६९ साली राजवाड्यात झाली. राजे खांबांना टांगलेल्या मंचकावर बसले होते. पाद्रींना समोर आसन दिले होते. बोलणे प्रथम दुभाष्यामार्फत फारशीत चालले. पाद्रींना तमिळ येते हे कळल्यावर राजांनी थेट बोलायला सुरुवात केली. काही ख्रिस्ती मूर्तींपुढे उपासना करतात व काही करीत नाहीत, असे का? मनुष्याला देवाचे ज्ञान कसे होते? प्रश्न वरवरचे नव्हते. मिठाई पुढे आली तेव्हा, आम्ही खाण्यापूर्वी देवाचे उपकार मानतो, असे सांगून पाद्रींनी प्रार्थना केली, आणि राजांच्या इच्छेवरून एक गीतही गायिले. त्या दिवसापासून तुळजाजी त्यांना आपले पाद्री म्हणू लागले.

दरबाराची भाषा मराठी होती, म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि मराठी मुलखातील आपल्या मिशनकार्याचा इतिहास आपण तेथून मोजतो. पण त्याच्या कित्येक वर्षे आधी, दूर कावेरीच्या काठी, एक जर्मन पाळक एका मराठी राजाच्या आत्म्यासाठी आपली भाषा घोकीत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तुळजाजींचा स्वभाव कोमल होता, पण निश्चय दुबळा. ख्रिस्ताविषयी ऐकण्याची ओढ होती. मात्र दरबारी मंडळींचा दबाव, विलास आणि राज्याची संकटे यांनी त्यांना घेरलेले होते. १७७३ साली अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या साहाय्याने तंजावर घेतले व राजांना कैदेत टाकले. १७७६ साली राज्य परत मिळाले, पण राजांचा उत्साह परत आला नाही. १७७८ साली श्वार्ट्झ तंजावरलाच राहावयास आले.

त्याच वर्षी ते दूर पाळेयंकोट्टै येथे गेले आणि तेथे एका ब्राह्मण विधवेचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झाला. ही बाई मूळची तंजावरची, मराठी ब्राह्मण घराण्यातली, असे इतिहासकार सांगतात. लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर ती विवाहाशिवाय राहत होती, व त्यानेच तिला ख्रिस्ताविषयी सांगितले होते. पूर्वी तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा श्वार्ट्झ यांनी नकार दिला होता. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर तिने पुन्हा विनंती केली आणि तिला क्लोरिंडा हे नाव मिळाले. पुढे तिने तेथे मंदिर बांधविले. १७८० साली पाळेयंकोट्टैच्या मंडळीच्या नोंदवहीत चाळीस नावे होती. पहिले नाव तिचे. तिरुनेलवेलीची अफाट मंडळी या चाळिसांपासून वाढली. श्वार्ट्झ यांनी आपला तमिळ उपदेशक सत्यनाथन याला तेथे पाठविले, व १७९० साली त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली.

१७७९ साली मद्रासच्या गव्हर्नरने त्यांना एका विलक्षण कामगिरीवर पाठविले. हैदरअलीशी बोलणी करावयाची होती. युद्ध टळेल आणि वाटेत सुवार्ता सांगता येईल, या दोन कारणांनी ते निघाले. रविवारी ते प्रवास करीत नसत. श्रीरंगपट्टणमला पोहोचल्यावर हैदरच्या फौजेतील युरोपीय शिपायांची उपासना त्यांनी चालविली. वाड्यातील अधिकाऱ्यांशी धर्माविषयी संवाद केले. निरोपाच्या आदल्या संध्याकाळी हैदरच्या इच्छेवरून ते दरबारात फारशीत बोलले आणि आपण कोणत्या हेतूने आलो ते त्यांनी सांगितले. वाटखर्चासाठी मिळालेले तीनशे रुपये त्यांनी कंपनी सरकारपुढे ठेवले. सरकारने ते घेतले नाहीत, तेव्हा त्यांतून तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा पाया घातला गेला.

युद्ध मात्र टळले नाही. १७८० साली हैदर कर्नाटकात उतरला आणि पुढच्या वर्षी तंजावरचा किल्ला सोडून जवळजवळ सारा मुलूख त्याच्या सैन्याच्या हाती गेला. बांध फुटले, गुरे गेली, मुले पळविली गेली. तंजावरच्या रस्त्यांवर रोज सकाळी प्रेते दिसत. किल्ल्यात सैन्य होते, पण धान्य नव्हते. खेड्यांत धान्य होते, पण ते आणावयास बैल मिळत नव्हते, कारण पूर्वी रयतेला मोबदला न देता राबविले गेले होते. राजाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना. कंपनीच्या शब्दावरही ठेवीना. अखेर श्वार्ट्झ यांनी आपल्या नावाने पत्रे पाठवून पैसे देण्याची हमी घेतली. एकदोन दिवसांत हजारावर बैल आले. उपदेशक व मंडळीतील माणसे जिवावर उदार होऊन गावोगाव गेली आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. किल्ला वाचला. श्वार्ट्झ यांनी स्वस्ताईच्या दिवसांत तांदूळ घेऊन ठेवला होता, त्यावर कित्येक भुकेल्यांचे प्राण तगले. शत्रू असूनही हैदरने आपल्या अंमलदारांना या पाद्रीला कोठेही अडवू नये असा हुकूम दिला होता, व ते लढणाऱ्या दोन सैन्यांमधून ये-जा करीत.

लोकांना हा विश्वास एका रात्रीत वाटला नव्हता. वर्षानुवर्षे ज्यांच्या ओसरीवर बसून त्यांचे ऐकून घेतले होते, त्यांनीच बैल पाठविले.

युद्धानंतर तुळजाजींच्या कारभाऱ्यांनी रयतेला इतके पिळले की सुमारे पासष्ट हजार माणसे मुलूख सोडून गेली. जूनमध्ये व्हावयाची लावणी सप्टेंबर उजाडला तरी झाली नव्हती. राजांनी बोलावले, कोणी आले नाही. श्वार्ट्झ यांनी राजांकडून न्यायाचे वचन घेतले व स्वतःच्या शब्दावर लोकांना बोलाविले. एकाच दिवशी सात हजार लोक परतले. उशीर भरून काढण्यासाठी त्यांनी रात्रंदिवस काम केले, आणि पीक आदल्या वर्षापेक्षा चांगले आले.

याच राजांसाठी ते जवळजवळ अठरा वर्षे प्रार्थना करीत राहिले. तुळजाजींची मुले-नातवंडे एकामागून एक गेली आणि ते वाड्याच्या आतल्या भागात कोंडून घेऊन राहू लागले. अनाथ मुलांच्या शाळेसाठी त्यांनी एका गावाचे उत्पन्न तोडून दिले, पण ख्रिस्ताचा स्वीकार केला नाही. १७८७ साली, मृत्यूच्या छायेत, त्यांनी सरफोजी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि पाद्रींना बोलावून त्याचे पालकत्व त्यांच्या हाती देऊ केले. श्वार्ट्झ यांनी ते स्वीकारले नाही. परक्या पाळकाच्या हाती राजपुत्र दिल्यास वाड्यात तट पडतील, अशी भीती त्यांना वाटली. राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांना पालक करावे, असे त्यांनी सुचविले.

हा सल्ला मुलाला महाग पडला. पंडितांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरविले आणि कंपनीने अमरसिंगांनाच गादीवर बसविले. सरफोजीला वाड्यात कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. उजेड नाही, शिक्षक नाही. श्वार्ट्झ तेव्हा साठीच्या पुढे होते. परंतु एकदा अंतःकरणावर घेतलेल्या मुलाला त्यांनी सोडले नाही. त्यांनी कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या, मुलाच्या रक्षणाची व्यवस्था करविली, आणि धर्मशास्त्राचा धांडोळा घेऊन पंडितांचा निर्णय पैशाने विकत घेतलेला होता असे सरकारला लिहून कळविले. १७९३ साली सरफोजीला व तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. प्रार्थना आणि अर्जविनंत्या यांत श्वार्ट्झ यांनी कधी भेद केलेला दिसत नाही. मुलासाठी गुडघे टेकावेत आणि उठून गव्हर्नरला पत्र लिहावे, असाच त्यांचा क्रम होता.

त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडळीतील जातिभेद त्यांनी मोडला नाही. त्यांच्या मंदिरांत वेल्लाळ व परैयर वेगवेगळे बसत. उपदेशाने व काळाने हे हळूहळू नाहीसे होईल अशी त्यांची आशा होती. ते झाले नाही. १८३३ साली बिशप विल्सन यांनी जातिभेद मंडळीत चालणार नाही असे बजावले, तेव्हा तंजावरची मंडळी दुभंगण्याची वेळ आली. ज्यांचा भार वाहिला त्यांतले काही एका कोपऱ्यात बसत राहिले, हे दुःख आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांनाही अनोळखी नाही. कंपनीशी असलेल्या त्यांच्या सलगीविषयीही प्रश्न उरतातच. ज्या कंपनीपुढे त्यांनी सरफोजीची बाजू मांडली, तिने १७९९ च्या तहाने त्याच्या हाती तंजावरचा किल्ला आणि वसुलाचा वाटा एवढेच ठेवले.

ते पाहावयास श्वार्ट्झ उरले नव्हते. १७९७ च्या अखेरीस ते आजारी पडले. सरफोजी भेटीस आला तेव्हा त्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि प्रजेशी न्यायाने वागण्याविषयी व आपल्या आत्म्याविषयी कळकळीने सांगितले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, त्यांनीच लहानपणापासून वाढविलेल्या योहान कास्पर कोल्होफ यांच्या सोबतीत, त्यांनी देह ठेवला. पेटी बंद होण्याआधी सरफोजी आला. शवावर त्याचे अश्रू पडले. त्याने ते जरीच्या वस्त्राने झाकले आणि तो कबरीपर्यंत चालत गेला. साडेचार महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, तो गादीवर बसला.

पुढे या राजाने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात भोसलेवंशाचा प्रचंड मराठी शिलालेख कोरविला. आपल्या गुरूच्या स्मरणासाठी त्याने इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि सरफोजी त्यांचा हात धरून उभा आहे. कबरीवरील ओळी सरफोजीने स्वतः इंग्रजीत रचल्या. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची तरतूद त्याने केली. तो हिंदूच राहिला. काशीयात्राही करून आला.

१८२६ च्या ईस्टरला बिशप हेबर तंजावरला आले. श्वार्ट्झ यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती, तरी राजा त्यांच्याविषयी भरभरून बोलला. हेबर यांनी सरफोजी व त्याच्या कुटुंबासाठी एक प्रार्थना तयार करून ती तेथील तमिळ उपासनेत घालण्याची व्यवस्था केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, त्रिचनापल्लीला हेबर यांचा मृत्यू झाला. सरफोजी १८३२ पर्यंत जगला.